कॉम्प्युटर, आयटी की एआय?



जून-जुलै आला की आमच्या वेरूळला दोनच विषय असतात. पाऊस आणि ॲडमिशन. पावसाचं उत्तर आभाळाकडे बघून थोडंफार देता येतं. "कोणती ब्रँच घ्यावी?" याचं उत्तर मात्र प्रत्येक ओट्यावर वेगळं मिळतं.

पूर्वी भांडण डॉक्टर की इंजिनीअर एवढंच होतं. आता इंजिनीअर ठरलेलं, त्यात कॉम्प्युटर ठरलेलं, आणि वाद आहे तो कॉम्प्युटरच्या पोटातल्या नावांवरून. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी... शिवाय बीसीए आणि बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आहेतच. साडीच्या दुकानात गठ्ठे उलगडत जावेत आणि शेवटी घ्यायचं काय तेच कळेनासं व्हावं, तशी मुलांची गत होते.

आता तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईंना यातलं काय कळतं? रास्त प्रश्न आहे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि मग गावोगाव एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, तेव्हा आम्ही शिक्षक मंडळीही पन्नाशीत माउस धरायला शिकलो. माझं संगणकाचं औपचारिक शिक्षण तेवढंच. पण खेड्यात शिकवलेल्या बाईंना निवृत्ती नसते. उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा इथपासून मुलाला कुठे घालायचं इथपर्यंत सगळं विचारायला लोक येतात. यंदा तर प्रश्न घरातूनच आला. माझ्या भाच्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, सीईटी देऊन बसली होती.

भाच्याची थोडी शेती आणि घृष्णेश्वराच्या वाटेवर बेल-फुलांचं, प्रसादाचं दुकान. तो एका रात्री आला तो चेहरा उतरवूनच.

"आत्या, एक जण भेटला. म्हणतो पुण्याच्या कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून एआयची सीट करून देतो. जमिनीवर कर्ज काढावं लागेल. पण पुढे एआयचाच जमाना आहे म्हणतो."

"आणि लेकीचं काय म्हणणं?"

नात म्हणाली, "आजी, गेल्या वर्षीचे कटऑफ बघितले तर मला संभाजीनगरला आयटी मिळेल असं दिसतंय. पण सगळे म्हणतात, आयटी आता जुनं झालं. तूच सांग."

मी लगेच काही सांगितलं नाही. मास्तरकीची एक सवय आहे, आधी अभ्यासक्रम बघायचा. म्हटलं, या सगळ्या शाखांचे चारही वर्षांचे विषय छापून आण. तिने चावडीजवळच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्या. आम्ही दोघी लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि जे विषय सगळीकडे आहेत त्यांच्याखाली रेघा मारत गेलो.

गंमत बघा. पहिलं वर्ष तर जवळजवळ सारखंच. गणित, भौतिक किंवा रसायन, प्रोग्रॅमिंगची सुरुवात, थोडं इलेक्ट्रिकल. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, कॉम्प्युटरची अंतर्गत रचना. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, अल्गोरिदम. कॉम्प्युटरला हेच, आयटीला हेच, एआयलाही बव्हंशी हेच, फक्त कुठे एक विषय अलीकडे तर कुठे पलीकडे. फरक दिसायला लागतो तो तिसऱ्या वर्षापासून.

तो फरक मला समजला तसा तिला सांगितला. कॉम्प्युटर सायन्सवाला विचारतो, हे यंत्र मुळात कसं चालतं आणि हा हिशेब यापेक्षा कमी पायऱ्यांत होईल का? आयटीवाला विचारतो, बँकेचं, रुग्णालयाचं, एसटीच्या आरक्षणाचं काम या यंत्रांवर बिनचूक कसं चालवायचं? एआय-डेटा सायन्सवाला विचारतो, आकड्यांच्या या ढिगातून यंत्राला काय शिकवता येईल? त्याला संख्याशास्त्र, संभाव्यता आणि मॅट्रिक्सचं गणित इतरांपेक्षा जास्त लागतं. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमवाला तार आणि चिप यांच्या जवळ राहतो. बीसीए तीन वर्षांत थेट कामाचं सॉफ्टवेअर लिहायला शिकवतं, पण बहुतेकांना पुढे एमसीए करावंसं वाटतं. एमसीए २०२० पासून दोन वर्षांचं झालं, म्हणजे ही वाट एकूण पाच वर्षांची.

ही विभागणी माझ्या मनची नाही बरं का. अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांच्या संस्थांनी २००५ मध्ये एक अहवाल काढून या विद्येच्या पाच शाखा मांडल्या होत्या: कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, आयटी आणि सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग. २०२० च्या नव्या अहवालात सायबर सिक्युरिटीची भर पडली. म्हणजे ही भावंडं आहेत. कोण मोठं, कोण धाकटं एवढंच. एम. ए. मराठीला कुणी भाषाविज्ञान घेतं, कुणी संतसाहित्य, कुणी नाटक. पण बाराखडी एकच असते आणि ती कच्ची राहिली तर कुठलाच पेपर सुटत नाही. इथली बाराखडी म्हणजे गणित आणि प्रोग्रॅमिंग.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली ती माणसांची. आपल्या महाराष्ट्रात महासंगणकाचं नाव घेतलं की डॉ. विजय भटकर आठवतात. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० हा संगणक तयार झाला. भटकरांची पदवी कशाची? इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची, नागपूरची. टीसीएस घडवणारे फकीरचंद कोहली, तेही इलेक्ट्रिकलचेच. त्याही आधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक उभा राहिला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं नाव ठेवलं. तो ज्यांनी बांधला त्यांच्यापैकी कुणाकडे कॉम्प्युटरची पदवी असणार? अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात तिथला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग निघाला तोच मुळी १९६२ मध्ये!

नात हुशार. म्हणाली, "आजी, तेव्हा ती ब्रँचच नव्हती. असती तर त्यांनी घेतली असती."

बरोबर आहे तिचं. म्हणूनच या उदाहरणावरून "ब्रँचला काही अर्थ नाही" असं मी म्हणणार नाही. अर्थ आहे. फक्त तो आपण समजतो तेवढा मोठा नाही, आणि आपण समजतो त्या जागी नाही.

जमान्याचं म्हणाल तर जमाना चार वर्षं थांबत नाही. १९९९ मध्ये वायटूकेच्या कामामुळे ज्याला त्याला कॉम्प्युटर हवं होतं. दोनच वर्षांत अमेरिकेतल्या डॉटकॉम कंपन्या बसल्या आणि तीच मुलं नोकरीसाठी वणवण फिरली. २००८ मध्ये पुन्हा मंदी. मग पुन्हा तेजी. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. त्या वर्षी जी मुलं पहिल्या वर्षाला बसली त्यांची पदवी २०२६ ची. म्हणजे त्यांनी शाखा निवडली तेव्हा ज्या गोष्टीचं नावही ऐकलं नव्हतं, तिच्यावरच त्यांच्या मुलाखती होणार. २०२५ च्या जुलैत टीसीएसने जगभरातली सुमारे १२ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या ओट्यावर लगेच "कॉम्प्युटर संपलं" असा निकाल लागला. त्याच ओट्यावर आठ दिवसांनी "एआयच घ्या" असाही निकाल लागला. :-)

दुसरीकडे जागा वाढतच आहेत. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या चाललेल्या कॉलेजांना एका शाखेत किती विद्यार्थी घ्यावेत यावरची मर्यादा काढून टाकली. मग मागणी जिकडे, जागा तिकडे. जागा एका वर्षात वाढवता येतात, शिकवणारा माणूस एका वर्षात तयार होत नाही, हे मला शाळेवरून ठाऊक आहे. फलक बदलतो, वर्गात येणारे सर मात्र तेच असतात. म्हणून मी नातीला सांगितलं, कॉलेज बघायला जाशील तेव्हा फलक बघू नकोस. या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत ते विचार. प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचार. शेवटच्या वर्षातल्या दोन मुलींना गाठ आणि गेल्या वर्षीचा प्रकल्प त्यांनी स्वतः केला की विकत आणला ते हळूच विचार. :-)

आता मूळ मुद्द्यावर येते. आम्ही वेरूळची माणसं. आमच्या दारात दोन देवळं आहेत. एक कैलास लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात अखंड डोंगर वरून खाली खोदत आणला, म्हणजे खरोखर आधी कळस मग पाया. तिथे छिन्नीचा घाव चुकून जास्त बसला तर निघालेला दगड परत लावता येत नव्हता. दुसरं घृष्णेश्वर. ते दगडावर दगड रचून बांधलेलं. पडझड झाली, मालोजीराजांनी जीर्णोद्धार केला. पुन्हा पडझड झाली, अठराव्या शतकात होळकर घराण्याने पुन्हा उभं केलं. तेही देऊळच आहे आणि तिथेही ज्योतिर्लिंगच आहे.

लोक ब्रँच निवडणं हे कैलास खोदण्यासारखं समजतात. एक घाव चुकला की आयुष्य संपलं! प्रत्यक्षात ते घृष्णेश्वरासारखं आहे. आयटी घेतलेल्या मुलीला एआयचे विषय जादा घेऊन ऑनर्स किंवा मायनर करता येतं. तशी सोय एआयसीटीईच्या नियमांत आहे, आपल्या कॉलेजात ती आहे का एवढं बघायचं. काही कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून मिळते. २०२४ पासून गेट परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, तो कुठल्याही शाखेच्या इंजिनीअरला देता येतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, बी. एस्सी. झालेल्यालाही ती वाट आहे. इतकी दारं उघडी असताना दाराच्या नावावरून रात्रभर जागायचं कशाला?

मग कैलासासारखं काय आहे? परत न लावता येणारा दगड कोणता? माझ्या हिशेबाने चार.

पहिला, अकरावीला गणित सोडणं. दहावीच्या पालकांनी हे नीट वाचावं. इंजिनीअरिंगला गणित लागतंच. सीईटीच्या २०० गुणांत गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांचे असतात. बीसीएला बारावीच्या कोणत्याही शाखेतून जाता येतं, पण पुढे एमसीएच्या दारात "बारावीला किंवा पदवीला गणित होतं का?" हा प्रश्न उभा राहू शकतो.

दुसरा, प्राधान्यक्रम. पूर्वी लोक "टाकून तर बघू" म्हणून नावं भरायचे आणि नको असलं की पुढच्या फेरीला जायचे. २०२५ च्या प्रवेशात नियम असा झाला की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यायचंच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. पसंती ३०० पर्यंत भरता येतात, पण खरा कस पहिल्या सहाचा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या मुलाला विचारू नये.

तिसरा, पदवीचं नाव. मघाशी मी नाव महत्त्वाचं नाही म्हटलं, त्याला हा एक अपवाद. सरकारी भरतीच्या जाहिरातीत लागणारी पदवी नावाने लिहिलेली असते. ज्याला सरकारी नोकरीच हवी आहे त्याने नव्या नावाची शाखा घेण्याआधी अशा दोन-चार जाहिराती काढून बघाव्यात.

आणि चौथा, सगळ्यात जड दगड. जमीन.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ते सरकारच्या प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही त्यात नाहीत. आमची नात या निकषांत बसते. म्हणजे संभाजीनगरला आयटी घेतलं तर शिकवणीची फी माफ, आणि घर तीस किलोमीटरवर. पुण्याला कोट्यातून एआय घेतलं तर फी पूर्ण, होस्टेल वेगळं आणि जमीन बँकेकडे. आणि लाल पेन्सिलीच्या रेघा सांगत होत्या की दोन्हीकडे पहिली दोन वर्षं जवळपास तेच शिकायचं आहे!

हे सगळं मी कागदावर दोन रकाने पाडून भाच्यापुढे ठेवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, मला वाटलं होतं, जमीन राखून ठेवली तर लोक म्हणतील पोरीसाठी हात आखडला. पोरगा असता तर काढलं असतं कर्ज."

मंडळी, खरं दुखणं हे होतं. तोवर आम्ही ब्रँचबद्दलच बोलत होतो, पण बाप मनातल्या मनात लेकीवरचं आपलं प्रेम रुपयांत मोजत होता. ते मापच चुकीचं होतं, पण प्रेम खोटं नव्हतं. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. उत्तर लेकीनेच दिलं.

"बाबा, जमीन गहाण टाकून गेले तर मला तिथे एक पेपर राहिला तरी झोप येणार नाही. मला नापास व्हायची मुभा पाहिजे थोडी. आणि मला लॅपटॉप घेऊन द्या, चांगला. तो मात्र हात न आखडता घ्या."

इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं, पण "नापास व्हायची मुभा" हे शब्द मला कधी सुचले नव्हते. कर्जाच्या डोंगराखाली शिकणारं पोर प्रश्न विचारायला भितं, अवघड विषय घ्यायला भितं, सरांना "समजलं नाही" म्हणायला भितं. आणि ही विद्या तर चुका करत, दुरुस्त करतच शिकायची आहे म्हणतात. प्रोग्रॅम पहिल्या खेपेला चालतो तरी कुणाचा?

पहिल्या सहा पसंती तिने स्वतः लिहिल्या. कॉम्प्युटर आणि आयटी, दोन्ही संभाजीनगरचीच. सातव्या क्रमांकापासून पुण्याचीही नावं आहेत, तीसुद्धा कॅपमधूनच. एआयची दोन नावं मध्ये आहेत. त्या कॉलेजातल्या मुलींशी ती फोनवर बोलली आणि शिक्षक चांगले आहेत असं कळलं म्हणून, फलकावर एआय आहे म्हणून नव्हे. यादी कोणत्या क्रमाने लावली याचं कारण तिने मला प्रत्येक ओळीला सांगितलं. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, तेवढं माझ्या बी. ए.च्या आवाक्यातलं होतं!

फेरी लागायची आहे. जे मिळेल ते मिळेल. कोट्यातली सीट देणाऱ्या माणसाला भाच्याने नाही म्हणून कळवलं आहे आणि सातबारा परत पेटीत ठेवला आहे. शनिवारी बाप-लेक लॅपटॉप बघायला संभाजीनगरला जाणार आहेत. मलाही चल म्हणताहेत. बघू, पाऊस उघडला तर जाईन म्हणते.

असो. लिहिता लिहिता फारच लांबलं. ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न आहे त्यांनी एवढं जरूर करावं, विषयांच्या प्रिंट काढून लाल पेन्सिलीने रेघा माराव्यात. तासाभराचं काम आहे, आणि मुलांबरोबर बसून करण्यासारखं आहे.

पुन्हा भेटूच.